चौथं रान

तानाबाईच्या रानात त्या साली ज्वारी चांगली आली आणि तेच सगळ्या गावाचं दुखणं होऊन बसलं.

माळेगी हे मंगळवेढ्याच्या अंगाचं गाव. जमीन काळी, पण वर पाणी नाही आणि खाली पाणी नाही. पावसाळ्यात जमिनीनं जेवढी ओल धरली तेवढ्यावर रब्बीची ज्वारी यायची, नाहीतर नाही. त्यात आता पावसाचं काही खरं राहिलं नव्हतं. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला आणि भाद्रपदात एका दुपारी असा कोसळला की ओढ्याला पुरुषभर पाणी चढलं. चार तासांत सालभराचं काम उरकून तो गेला तो परत फिरकलाच नाही. ज्याच्या त्याच्या रानातली माती घेऊन पाणी ओढ्यानं निघून गेलं.

तानाबाईच्या चार एकरांतलं मात्र गेलं नाही, कारण तिनं वाफे पाडले होते. जूनमध्ये कृषी सहायक भार्गवी मॅडम शाळेत पडदा लावून सांगून गेल्या होत्या, की पाऊस इथून पुढं असाच वेडावाकडा पडणार; तर रानात आडवे-उभे वरंबे ओढून खोलीएवढाले चौकोन करा, म्हणजे पाणी पडेल तिथंच मुरेल. ऐकायला सत्तर माणसं होती आणि चहा प्यायला नव्वद. वाफे पाडले एकट्या तानाबाईनं. नवरा कुंडलिक बैलांमागं आणि ती खोरं घेऊन कोपरे बांधत, असे अकरा दिवस दोघं राबले. साठीला टेकलेली बाई, तिच्या कमरेचा पार खुळखुळा झाला. जाणारे-येणारे बांधावर थांबून विचारायचे, "काय तानाबाई, भात लावायचाय काय यंदा?" ती मान वर न करता म्हणायची, "व्हय. जेवायला या."

बैलजोडी म्हणजे एक बैल कुंडलिकचा आणि एक शेजारच्या सिद्धाप्पाचा. दोघांनाही जोडी पोसणं परवडत नव्हतं, म्हणून वारंगुळ्यानं काम चाले: चार दिवस ह्याच्या रानात, चार दिवस त्याच्या. सिद्धाप्पाचं रान माळाला, हातभर खणलं की मुरूम लागायचा. तिथं वाफे पाडून काय उपयोग, असं तो म्हणाला आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. पण तानाबाईच्या वाफ्यांत त्याचा बैल अकरा दिवस चालला, त्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

पेरणी झाली. थंडी आली ती नावाला. पौषात ऊन असं तापलं की जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. तानाबाईनं पाच वेळा कोळपणी करून भेगा बुजवल्या, कोळपं गेलं नाही तिथं खुरप्यानं. गावातली ज्वारी कमरेएवढी होऊन पिवळी पडली, कणसं पोटातच वाळली. तानाबाईची डोक्याच्या वर गेली. कणीस असं भरलं की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवताना तिला आपल्याच रानाची दृष्ट लागायची भीती वाटे.

अशा वेळी भार्गवी मॅडम स्कूटी बांधाला लावून रानात आल्या. सोलापूरची मुलगी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. पीक बघून तिचा चेहरा उजळला. चारी कोपऱ्यांत फिरून तिनं फोटो काढले.

"मावशी, पुढच्या महिन्यात मी आसपासचे शेतकरी घेऊन येणार तुमचं रान दाखवायला," ती म्हणाली. मग कुंडलिककडं वळली. "आणि काका, तुमच्या रानाचा गट नंबर निवडला गेलाय. बारा तारखेला मी येते. दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, तेवढ्यातली ज्वारी तुमच्यासमोर काढायची, झोडायची आणि वजन करायचं. तोवर रान काढू नका. काढायची वेळच आली तर मला आधी फोन करा."

कुंडलिक हा साधा माणूस. त्याच्या तरुणपणी गावात पिकाची स्पर्धा झाली होती. तेव्हाही साहेब आले होते, दोरी धरून तुकडा आखला होता, धान्याचं वजन केलं होतं आणि ज्याचं जास्त भरलं त्याला मंगळवेढ्यात फेटा बांधून नारळ दिला होता. बायकोचं पीक हे असं. त्याला वाटलं, तेच असणार. त्यानं अंगातली बंडी बदलली आणि चहाच्या हाटेलात जाऊन सगळ्यांना सांगितलं. वर आठ जणांना चहाही पाजला.

"आमचं रान निवडलं मॅडमनी. बारा तारखेला वजन हाय."

कुणी अभिनंदन करीना, कुणी चेष्टाही करीना. त्याचा पुतण्या युवराज ऑनलाईन केंद्र चालवायचा, गावाचे विम्याचे फॉर्म त्यानंच भरले होते. त्यानं कप खाली ठेवला.

"नाना, ती स्पर्धा न्हाय. ते विम्याचं हाय."

"म्हंजी?"

"गावात चार रानं काढत्यात. चारीचं वजन बघायचं, सरासरी धरायची. सरासरी कमी आली तर अख्ख्या गावाला विमा. जास्त आली तर कुनालाच न्हाय. तीन रानं झाली. तिन्ही जळाल्यात. चौथं तुमचं."

कुंडलिक चहा तसाच ठेवून घरी आला. तानाबाई चुलीपुढं होती. त्यानं सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन तुमी चहा पाजून आलाव."

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना दारात चपला पडल्या. युवराज होता, सिद्धाप्पा होता, आणखी पाच-सहा जण होते. तानाबाईनं पाणी दिलं. पावसापाण्याचं, बैलाचं, सांगोल्याच्या बाजाराचं बोलून झालं. खऱ्या गोष्टीला कुणी हात घालीना. शेवटी युवराजच म्हणाला, "काकी, काय इचार करालाव?"

"कशाचा?"

"चौथ्या रानाचा."

"वजन करू द्या की त्येंना. माजं रान हाय, मला काय भ्याव?"

"भ्यायचं न्हाय. पर तुमच्या रानात पोतं भरलं तर सरासरी वर जाती. अडीचशे घरं हायत, काकी."

"मग मॅडमला सांगा, दुसरं रान घ्या."

"तसं जमत न्हाय. नंबर कॉम्प्युटर काढतो." युवराजनं घसा साफ केला. "जमतं ते एकच. वजनाच्या आदी रान काढून झालं असलं, तर ते बाद करत्यात. आन शेजारचं घेत्यात. शेजारी सिद्धाप्पाचं हाय."

सिद्धाप्पा भिंतीकडं बघत होता. त्याच्या रानात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"दाना मऊ हाय आजून," तानाबाई म्हणाली. "दहा-बारा दिवस पायजेत. आत्ता काढली तर सुरकुत्या पडत्यात दान्याला. वजन न्हाय, चव न्हाय, बी धरायला एक दाना न्हाय. माज्या सासूपासनं बी हाय घरात. इकतचं बी म्या कदी पेरलं न्हाय."

"आमी इर्जिक घालतो," मागून एक जण बोलला. "सगळं गाव येतं. एका दिवसात चार एकर मोकळं. तुमाला एक पेंढी उचलायला लागायची न्हाय."

इर्जिक म्हणजे गावानं अडल्यानडल्याच्या रानात फुकट राबायचं आणि ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं. तानाबाईनं जन्मात किती इर्जिकी केल्या असतील! विधवेचं रान काढलं होतं, पाय मोडलेल्याची पेरणी केली होती. चांगलं पीक मोडून काढायला इर्जिक घालतात, हे ती आज ऐकत होती. तिचं डोकं तापलं.

"माजं पीक कच्चं उपटायला माज्याच हातचं जेवनार व्हय रे? वाफे पाडताना किती जन आलं हुतं इर्जिकीला?"

"तुमाला बी विमा मिळंल की," युवराज हळूच म्हणाला. ती उठून आत गेली. कुंडलिक हात जोडल्यासारखा करून सगळ्यांना दारापर्यंत पोचवायला गेला, त्याचा तिला आणखीनच राग आला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भांडण झालं असतं तर बरं, ती भांडायला कमी नव्हती. पण कुणी भांडलंच नाही. टँकर आला की बाया तिला पुढं करायच्या, "भरा तुमी आदी," म्हणायच्या, आणि तिची घागर भरेपर्यंत आपापसात एक शब्द बोलायच्या नाहीत. गिरणीत दळण टाकलं तर गिरणीवाल्यानं तिचं सगळ्यांच्या आधी दळून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. ती हट्टानं ठेवून आली. सगळं गाव तिला पाहुणी असल्यासारखं वागवायला लागलं, आणि ह्या गावात ती चाळीस वर्षं नांदत होती.

ती पहाटे रानात जायची ती अंधार पडायला परत. माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची. हात खांद्यातून निखळल्यासारखा दुखायचा. दुपारी एखादं कणीस हातात धरून दाणा नखानं दाबायची. आत पांढरा चीक. कालच्यापेक्षा जरासा घट्ट. आठ दिवस, ती मनात म्हणायची, आठ दिवस मला सोडा.

तिसऱ्या दिवशी सुंदरम्मा रानात आली. सिद्धाप्पाची बायको, तिकडं अक्कलकोटकडची, बोलण्यात अजून कानडी हेल. दोघींची लेकरं एका अंगणात वाढली होती. ती काही मागायला आली असणार म्हणून तानाबाई माळ्यावरून उतरलीच नाही.

"अक्का, खाली येऊ नका. म्या कडबा मागाया आली."

"कडबा?"

"बैलाला. दोन पेंढ्या द्या, मागच्या सालाचं असू द्या. रविवारी सांगोल्याला नेनार हायेत. पोट खपाटीला गेलेला बैल कसाई पन धरत न्हाय, जरा भरलेला दिसला म्हंजी..." डोळ्याला पदर लावला नाही, रडली नाही. फक्त पायानं ढेकूळ फोडत उभी राहिली.

"इकताय?"

"मग काय घालायचं? रानात काडी न्हाय. यंदा आमी दोघं ऊस तोडाया जानार. ह्यांनी टोळीत नाव दिलं." सुंदरम्मा छप्पन्न वर्षांची होती. सिद्धाप्पाला एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. "विमा आला तर न्हाय जानार. कडबा घेऊ, बैल ठेवू. पर ते काय आपल्या हातात हाय व्हय?"

ती खरंच तसं म्हणाली, कुठलाही टोमणा न मारता. तानाबाईनं तिच्याकडं पाहिलं. हिनं भांडावं, हिनं पाया पडावं, हिनं शिव्या तरी घालाव्यात, असं तिला वाटलं. सुंदरम्मानं बांधाकडच्या जुन्या गंजीतल्या दोन पेंढ्या उचलल्या आणि डोक्यावर घेऊन ती बांधाबांधानं निघून गेली.

संध्याकाळी कुंडलिक बैलाला पाणी पाजून आला आणि बायकोशेजारी बांधावर बसला. नुसता काडीनं माती उकरत राहिला.

"काय ते बोला," ती म्हणाली.

"म्या काय बोलनार? रान तुजं. कष्ट तुजं."

"मग माती कशाला उकराताय?"

"आगं, ह्या वाफ्यात त्येचा बैल चाललाय. अकरा दिवस. आन कोळपनीला पाच फेरं. त्यो बैल नसता तर माजा एकटा बैल काय करनार हुता? त्यो बैल कसायाला जानार, आन आपुन ज्वारी झोडत बसायची?"

"आपला काय गुन्हा झाला वो?" ती उसळली. "सरकारनंच सांगितलं वाफे पाडा. आमी पाडलं. आमचं पिकलं. आता पिकलं म्हनून गावाला पैसं न्हाईत. ह्यो कुटला न्याय? ज्येनं केलं त्येच्या नावानं खापर?"

"न्याय म्हनलं तर तुजाच हाय."

"मग?"

"मग काय? न्याय तुजा हाय, बैल त्येचा हाय."

तानाबाईनं गोफण मांडीवर ठेवली. समोर चार एकर कणसं मान वाकवून उभी होती. असं पीक तिनं आयुष्यात तीनदा पाहिलं असेल. आपल्याला हे पीक लेकरासारखं प्यारं आहे, हे तिला तेव्हा कळलं, आणि ते आपण देणार आहोत हेही कळलं. तिला कुणाबद्दलच बरं वाटेना, स्वतःबद्दलही नाही.

"येऊ द्या त्येंना," ती म्हणाली. "पर माज्याम्होरं कुनी हात जोडायचं न्हाय. सांगून ठेवा."

शनिवारी उजाडायला माणसं बांधावर येऊन थांबली. मुंबई-पुण्याला गेलेले आणि थकलेले सोडले तर राबण्याजोगी पन्नासेक माणसं होती. युवराजनं आधीच मॅडमना फोन केला होता, की रान काढायला घेतलंय. कुंडलिकनं पहिल्या ओळीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. माणसं ओळीनं वाकली.

तिकडची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी बुडखा धरायचा, गुडघा लावायचा, कचकन ओढायचा, टाचेवर आपटून माती झाडायची आणि आडवा टाकायचा. वाळलेल्या रानातली दोन बोटांनी येते. ही येईना. जवान पोरं दात-ओठ खाऊन ओढायला लागली. धाट आलं की मुळाला काळी ओली माती चिकटून यायची. माघ महिना, आभाळ तापलेलं, सगळ्या शिवारात धूळ, आणि इथं मुळाला ओल. एका म्हाताऱ्यानं ती माती चिमटीत धरून वास घेतला आणि काही न बोलता खाली टाकली. सुरुवातीला हसणं-खिदळणं चाललं होतं, ते हळूहळू बंद पडलं. नुसते धाट उपटल्याचे आवाज येत राहिले. युवराजच्या तळहाताला फोड आले आणि फुटले. तो थांबला नाही.

तानाबाई रानात गेलीच नाही. बांधाच्या खाली तीन दगडांच्या दोन चुली मांडून ती आणि सुंदरम्मा भाकऱ्या करत होत्या. इर्जिकीला जेवण ज्याचं रान त्यानं घालायचं, तो रिवाज तिला मोडायचा नव्हता. मागच्या सालच्या ज्वारीचं शेवटचं पोतं तिनं दळून आणलं होतं. तुरीची आमटी, शेंगाची चटणी, कांदा. ती भाकरी थापायची, सुंदरम्मा भाजायची. पाठीमागं रान रिकामं होत होतं ते तिला वळून न बघताही समजत होतं, कारण वारं लागायला लागलं होतं. इतके दिवस तिथं वारं लागत नव्हतं.

दोन वाजता मॅडमची स्कूटी आली. मागं विमा कंपनीचा माणूस बसला होता, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, घामानं निथळत. तोवर तीन एकर आडवं झालं होतं. भार्गवी मॅडम बांधावर नुसती उभी राहिली. तिच्या हातातला मोबाईल वर यायला तयार होईना.

"मावशी, हे काय केलंत?"

तानाबाई पिठाचे हात घेऊन उभी राहिली. माणसं हातातलं टाकून गोळा झाली.

"शेतकऱ्यानं आधीच काढलंय," कंपनीचा माणूस म्हणाला. "कारण लिहावं लागेल, मॅडम. पीक चांगलं असताना मुद्दाम काढलं असेल तर आम्हाला हरकत घ्यावी लागते. मग अख्ख्या गावाचंच प्रकरण अडकतं." तो खाली वाकला आणि त्यानं पडलेल्या ज्वारीतलं एक कणीस उचललं. "मावशी, हे तर चांगलं भरलेलं दिसतंय."

पीक मागून झालं होतं, ते मिळालं होतं. आता तिचा शब्दही लागणार होता, हे युवराजच्याही लक्षात आधी आलं नव्हतं. त्यानं काही बोलायला तोंड उघडलं, पण साहेब विचारत होता तानाबाईला.

तानाबाईनं त्याच्या हातातून कणीस घेतलं. चार दाणे काढून नखाखाली दाबले. पांढरा घट्टसर चीक तिच्या अंगठ्यावर आला. तिनं अंगठा त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे चांगलं व्हय, साहेब? माघ निम्मा झाला, दाना आजून चिकात हाय. दान्यात दम न्हाय, वरनं फुगलेला दिसतोय. हातात काय लागायचं न्हाय. बैलाला तर व्हईल म्हनून उपटलं."

साहेबानं अंगठ्याकडं बघितलं, कणसाकडं बघितलं. तो शहरातला. पण भार्गवी मॅडमला सगळं कळत होतं. आणखी आठवडाभरात त्या चिकाचं काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे तानाबाईला. दोघींची नजर एकदा भेटली. तानाबाईनं ती सोडवून घेतली.

"काय लिहू, मावशी?" मॅडमनं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"लिवा. पीक वाया गेलं."

मॅडमनं लिहिलं. तानाबाईला सही येत होती. पिठाचा हात पदराला पुसून तिनं ती केली. वाफे पाडताना तिची कंबर गेली होती, राखण करताना खांदा गेला होता, पण ह्या तीन शब्दांनी झालं तसं तिला कशानंच झालं नाही. आपल्या रानाच्या तोंडावर आपण खोटं बोललो, असं तिला वाटत राहिलं. मग ते दोघं शेजारच्या रानात गेले. सिद्धाप्पा त्यांच्यापुढं चालला. तिथं दहा बाय पाचचा तुकडा आखला, त्यातली ज्वारी एका बाईच्या ओटीत मावली. अर्ध्या तासात सगळं उरकलं. जाताना मॅडमनं स्कूटी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली आणि जेवायला न थांबता ती निघून गेली.

चार वाजता रान मोकळं झालं आणि बांधाखाली पंगत बसली. पोटात आग पडलेली, वर काळजी मिटलेली. माणसं जेवायला लागली तशी बोलायलाही लागली. पोरं फोड दाखवू लागली. कुणीतरी साहेबाची नक्कल केली. तानाबाई अंगठा दाखवते ती नक्कलही झाली. "काकी, काय धरलंय त्येला!" युवराज म्हणाला. त्याच्या मनात खरंच प्रेम दाटून आलं होतं. "आख्ख्या गावाला तारलं तुमी. पर एक हाय बगा. पुढल्या साली वाफे-बिफे नका पाडू. सगळ्यांचं जसं तसं तुमचं."

पंगत हसली. वाढता वाढता तानाबाईही हसली. ती हसली आणि मग आपण कशाला हसलो ते तिला कळलं. तिच्या हातातली भाकरीची टोपली तिनं खाली ठेवली.

"वाफे म्या पाडनार," ती म्हणाली.

हसू थांबलं.

"पुढल्या सालीबी पाडनार. त्येच्या पुढल्या सालीबी. एकटीला पाडावं लागलं तर एकटी पाडीन, हातानं पाडीन. आन माजं पिकलं तर म्या ते पिकू देनार. असल्या इर्जिकीला पुन्हा कुनी माज्या बांधावर पाय ठेवायचा न्हाय. जेवा आता."

कुंडलिकनं ताटावरून मान वर केली नाही. युवराजनं घास तोंडात तसाच धरला. कुणाला राग आला असता तर त्यानं बोलून दाखवला असता, पण राग कुणालाच आला नव्हता. बाईचं चुकतंय असंही कुणी म्हणू शकत नव्हतं.

बोलली ती सुंदरम्मा. ती शेवटच्या पानावर बसली होती, सकाळपासून चुलीपुढं भाजून निघालेली. तिनं विचारलं ते अगदी साधेपणानं, रोज एकमेकींना विचारतात तसं.

"मग आमचं कसं व्हायचं, अक्का?"

तानाबाई तिच्याकडं बघत राहिली. तिनं टोपली उचलली आणि सुंदरम्माच्या ताटात भाकरी वाढली.